शाळेत फोन नको, पण फोनचं काम कोण करणार?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी नववीत, शाळा तालुक्याला, गावापासून १४ किलोमीटरवर. सकाळी एसटीने जाते. संध्याकाळी जादा तास असला की साडेपाचची गाडी हुकते आणि मग सातची, तीही आली तर. शाळेने आता ठरवलंय की कुणाच्याही दप्तरात फोन सापडला तर तो वार्षिक परीक्षेपर्यंत जप्त, वर १००० रुपये दंड. बुधवारी पालक-शिक्षक संघाची बैठक आहे, तुम्ही सदस्य आहात आणि ठरावावर सही करायची आहे. वहिनी म्हणतात, साधा बटणांचा फोन तरी मुलीजवळ असू द्या. तुम्ही विचारलंय, सही करू की नको, आणि अशा बंदीने नेमका फायदा काय होतो.

बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी २९ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची ११ मुख्याध्यापिका म्हणून. फोनच्या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक झाली, आणि पुढे काही गोष्टी जमल्याही. दोन्ही सांगते, कारण तुमच्या शाळेचा ठराव मला फार ओळखीचा वाटला.

आधी माझं मत. शाळेच्या वेळेत मुलांच्या हातात फोन नको. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तुमचा प्रश्न वेगळाच आहे, भाऊ. तुमची मुलगी वर्गात फोन बघत बसेल अशी भीती तुम्हालाही नाही आणि बहुधा शाळेलाही नाही. तुमचा जीव टांगणीला लागतो तो साडेपाच ते सात या वेळेत. आणि शाळेचा ठराव बोलतोय साडेदहा ते पाच या वेळेबद्दल. म्हणजे शाळा तिच्या वेळेतला प्रश्न सोडवते आणि त्याची किंमत तुमची मुलगी स्टँडवर उभी राहून मोजते. बैठकीत हे दोन प्रश्न वेगळे केले नाहीत तर एक बाजू म्हणेल "मुलं बिघडली", दुसरी म्हणेल "मुलींची सुरक्षा", आणि दोघंही खरं बोलत असूनही काही ठरणार नाही.

शाळेची बाजू आधी नीट समजून घ्या, कारण ती खरी आहे. ३५ मिनिटांचा तास असतो. वर्गात ५८ मुलं. सर फळ्यावर समीकरण सोडवतायत आणि तिसऱ्या बाकावरच्या दोघांच्या माना एकाच बाजूला झुकलेल्या. वही बंद. सर खडू ठेवून खाली येतात. "दे इकडे." "माझा नाही सर, याचा आहे." "चालू नव्हता सर." अख्खा वर्ग वळून बघतो. हे मिटेपर्यंत पाच-सात मिनिटं जातात, आणि सर फळ्याकडे परततात तेव्हा कुठली पायरी चालू होती हे ना त्यांना आठवतं, ना मुलांना. फोन दोघांचा, तास गेला ५८ जणांचा. असं रोज व्हायला लागलं की शिक्षक एक तर दिवसभर पोलिसाचं काम करतात, नाहीतर दिसूनही न दिसल्यासारखं करतात. माझ्या शाळेत दोन्ही प्रकारचे शिक्षक होते आणि दोघेही थकलेले होते. म्हणून "फोन आणा, पण वर्गात वापरू नका" हा मधला नियम मला पटत नाही. त्यात प्रत्येक तासाला, प्रत्येक शिक्षकाला तेच भांडण नव्याने करावं लागतं. सकाळी एकदाच फोन बाजूला ठेवला गेला की दिवसभराचा विषय संपतो.

अभ्यासाच्या नुकसानीपेक्षाही मला धास्ती होती ती कॅमेऱ्याची. आमच्या खो-खोच्या संघात आठवीतली एक मुलगी होती. खुंटावरून वळायची तेव्हा बघत राहावं अशी. सरावात ती एकदा घसरून पडली, आणि त्या पडलेल्या अवस्थेतला फोटो काढून, त्यावर गाणं लावून कुणीतरी स्टेटसला ठेवला. २४ तासांनी स्टेटस गेलं, पण तोवर ते चार गावांत फिरलं होतं. मुलीने मला काही सांगितलं नाही. फक्त सरावाला येणं बंद केलं. "पाय दुखतोय मॅडम", एवढंच. खरं कारण कळायला मला तीन आठवडे लागले. तिच्या मैत्रिणींशी बोलले तेव्हा कळलं की पाण्याच्या टाकीजवळ, स्वच्छतागृहाच्या वाटेवर, जिन्यात, कुठे कोण फोन धरून उभा आहे हे बघूनच मुली चालत होत्या. शाळेच्या आवारात मुलीला असं चालावं लागत असेल तर तिथे कॅमेरा नको, हे माझ्यासाठी पुरेसं कारण आहे. गुणांचं पुढे बघता येईल.

आता माझी चूक.

२०१६ साली आम्हीही तुमच्या शाळेसारखाच ठराव केला. दंड नव्हता, पण सापडलेला फोन वर्षअखेरीपर्यंत कपाटात, आणि घरच्या माणसाला बोलावून समज. डिसेंबरात नववीतल्या एका मुलीच्या दप्तरात फोन सापडला. साधा, बटणांचा, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. आई-वडील ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेले, मुलगी आजीजवळ. नियमाप्रमाणे मी चुलत्यांना बोलावलं, फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "पोरीच्या दप्तरात फोन सापडला." एवढं एकच वाक्य. त्यातून काय समजायचं ते त्यांनी समजून घेतलं. सोमवारपासून मुलगी शाळेत आली नाही.

आठवड्याने मी तिच्या घरी गेले तेव्हा आजीने सांगितलं. फोन आईनेच देऊन ठेवला होता. फडात पहाटेपासून तोडणी, मग मोळ्या बांधायच्या, आणि गाडी भरायला लागायच्या आधी आईला अर्धा तास मिळायचा. तो नेमका आमच्या मधल्या सुट्टीत यायचा. तेवढ्यात ती मुलीशी बोलायची. जेवलीस का, आजीची बीपीची गोळी संपली का. रात्री कोपीवर परतून, भाकरी थापून तिची सुटका होईपर्यंत मुलगी झोपलेली असायची. म्हणजे आईशी बोलायला मुलीला दिवसातली तेवढीच वेळ होती, आणि मी ती कपाटात कुलूपबंद केली होती.

मार्चमध्ये तिचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. ग्रामसेवक आणि अंगणवाडीताईंना घेऊन आम्ही गेलो, लग्न थांबलं. शाळा मात्र सुटली ती सुटलीच. दोन वर्षांनी १७ नंबरचा फॉर्म भरून ती दहावी झाली. तो निकाल बघायला मी मुद्दाम गेले होते.

हे मी तुम्हाला का सांगतेय? कारण आपल्याकडे मुलाकडे फोन सापडला तर त्याचा अभ्यास बुडतो, मुलीकडे सापडला तर तिची शाळा बुडते. नियम कागदावर दोघांना सारखा असतो, घरी पोचल्यावर सारखा राहत नाही. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांचं 'असर' सर्वेक्षण २०२३ साली झालं. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के होते आणि मुली सुमारे २०. म्हणजे मुलीच्या दप्तरातला फोन बहुतेक वेळा तिचा नसतोच. आईचा असतो, आत्याचा असतो, भावाने दिवसापुरता दिलेला असतो. तो वर्षभर जप्त करणं म्हणजे घराचाच फोन काढून घेणं. मुलांच्या बाबतीतही हे घडतं. टेम्पो चालवणाऱ्या एका वडिलांचा फोन पोराने न सांगता आणला होता. आम्ही तो दोन दिवस ठेवला आणि त्या माणसाची दोन भाडी गेली. तुमच्या ठरावातल्या १००० रुपयांचंही तेच. कुणाच्या तरी घरातली ती दोन-तीन दिवसांची मजुरी आहे, आणि ती मुलगा भरत नाही.

त्या प्रकरणानंतर जप्तीचा नियम आम्ही सोडला, पण त्याच्या जागी काय आणायचं हे सुचत नव्हतं. मग कोविड आला. मार्च २०२० ते ऑक्टोबर २०२१ मुलांना फोन घ्या म्हणून आम्हीच मागे लागलो होतो. अभ्यास व्हॉट्सॲपवर, हजेरी व्हॉट्सॲपवर. कित्येक घरांत शेळी विकून फोन आला. ४ ऑक्टोबर २०२१ ला घंटा पुन्हा वाजली तेव्हा मुलं फोनसकट शाळेत आली, आणि "आता फोन नको" म्हणायला आम्हालाच जड जात होतं.

तेव्हा आम्ही एक साधी गोष्ट केली. आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला कोरा कागद दिला आणि म्हटलं, नाव घालू नका, शाळेत फोन कशासाठी लागतो ते लिहा. पालकसभेत पालकांनाही तेच विचारलं. मुलांनी खरं लिहिलं. गेम, रील, स्टेटस होतंच. पण त्याच्या बरोबरीने आलं ते असं: गाडी आली नाही हे घरी सांगायला. आई-बाबा कारखान्यावर आहेत म्हणून. धाकटी बहीण प्राथमिक शाळेत आहे, तिला घेऊन जायचं असतं म्हणून. झेरॉक्सचे पैसे द्यायला. सरांनी गृहपाठ ग्रुपवर टाकला असतो म्हणून. सहलीची सूचना ग्रुपवर येते म्हणून. एकीने लिहिलं होतं, "पाळी आली तर घरी फोन करायला ऑफिसात सरांसमोर बोलावं लागतं म्हणून."

ते कागद वाचताना कळलं की यातली निम्मी कारणं शाळेनेच तयार केली आहेत. फोन मुलांच्या हातातून काढायचा असेल तर तो जी कामं करतो ती आधी शाळेने स्वतःच्या अंगावर घ्यायला हवीत. तशी घेतली तर बंदी टिकते. न घेता केलेली बंदी मुलं लपवाछपवी शिकून पार करतात, आणि ज्यांना लपवता येत नाही ती अडकतात.

आम्ही काय केलं ते सांगते. सगळ्यात महत्त्वाचा ठरला तो शाळेचा फोन. दोन साधे हँडसेट घेतले, एक कार्यालयात शिपाईमामांकडे आणि एक मुलींसाठी एका शिक्षिकेकडे. नंबर फाटकावर ऑइलपेंटने लिहून टाकला, सगळ्यांच्या ओळखपत्राच्या मागे छापला. घरून फोन आला की दहा मिनिटांत चिठ्ठी वर्गात पोचवायची. मुलांना घरी बोलायचं असेल तर मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यानंतर शेवटचं मूल रस्त्याला लागेपर्यंत, कारण न विचारता. "कशाला करायचाय?" हा प्रश्न विचारायचा नाही, हे मी मामांना बजावून सांगितलं होतं.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या की त्या फोनवरची गर्दी वाढायची. मग वऱ्हांड्यात एक बाक टाकला. मधल्या सुट्टीत आठ-दहा मुलं तिथे डबा घेऊन बसायची, नंबर येईपर्यंत जेवण उरकायचं. प्रत्येकाला पाच मिनिटं. फोन कानाला लावून मुलगी खांबाकडे तोंड करून उभी राहायची आणि बोटाने चुना खरवडत बोलायची. त्या खांबाचा तेवढा भाग कायम खरवडलेला असे. रंगकाम काढलं तेव्हा पेंटरने विचारलं, हे असं कशाने झालं. मी म्हटलं, तो राहू द्या तसाच.

दुसरी गोष्ट, गृहपाठ. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचा आणि मुलांनी वहीत उतरवायचा. ग्रुपवर काही टाकायचंच तर जे आधी फळ्यावर लिहिलंय तेच. रात्री नऊला ग्रुपवर नवा गृहपाठ टाकणाऱ्या शाळेला "मुलं रात्री फोन सोडत नाहीत" असं पालकांना सांगायचा अधिकार उरत नाही.

तिसरी, जादा तास. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. आमचेही जादा तास संध्याकाळी असायचे आणि बाहेरगावच्या मुलींची गाडी चुकायची. मग काळीपिवळीत कोंबून जायचं, नाहीतर अंधार होईपर्यंत स्टँडवर. गावागावांच्या गाड्यांच्या वेळा आम्ही एका कागदावर मांडल्या. बहुतेक मुली सकाळी पहिल्या गाडीने येतात आणि पाऊण तास नुसत्या बसून असतात, हे तेव्हा दिसलं. जादा तास सकाळी घेतले. दोन शिक्षकांना ते गैरसोयीचं झालं, हे खरं आहे. त्यांची नाराजी मी अंगावर घेतली.

एवढं झाल्यावर फोन आणायचं कारण खरोखर कुणाला उरलं? फार थोड्यांना. ज्यांना वाटेवर लागतोच, त्यांच्यासाठी पालकाच्या लेखी अर्जावर परवानगी, आणि फोन परिपाठाआधी बंद करून वर्गशिक्षकाकडे. प्लायवूडची खणांची पेटी, खणावर हजेरी क्रमांक, देताना-घेताना वहीत सही, पेटी कार्यालयातल्या लोखंडी कपाटात. फोन हरवला तर जबाबदार कोण, यावर संस्थेशी बराच वाद झाला. "शाळा जबाबदार नाही" असं अर्जावर छापावं असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, कुलपाची किल्ली आपल्याकडे असेल तर जबाबदारीही आपलीच. शेवटी तसंच लिहिलं. माझ्या काळात एकदाच एका फोनची काच फुटली, ती संस्थेने भरून दिली. हो, आणि काही मुलं पेटीत घरातला बंद पडलेला डबडा फोन जमा करतात आणि चालू फोन खिशात ठेवतात, हे तुमच्या शाळेला सांगून ठेवा. जमा करताना चालू करून बघितला की ते थांबतं.

परवानगीशिवाय फोन सापडला तर? पहिल्यांदा तो त्याच दिवशी सुटताना परत. दुसऱ्यांदा वर्गशिक्षकांशी निवांत बोलणं. तिसऱ्यांदा घरी, पण घरी म्हणजे कुणाला हे मूल आणि वर्गशिक्षिका मिळून ठरवतील. बहुतेक मुली आईचं नाव सांगतात. आणि घरी सांगताना काय सांगायचं तेही आम्ही लिहून ठेवलं होतं: फोन कुठे सापडला, त्यावर काय चालू होतं, आणि "यात आम्हाला वावगं काही दिसलं नाही", जर दिसलं नसेल तर. हे शेवटचं वाक्य मी त्या चुलत्यांना सांगितलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. फोन उघडून मेसेज वाचायचे नाहीत, हाही नियम शिक्षकांसाठी. कुणाचा फोटो काढून पसरवल्याची तक्रार असेल तर ती फोनच्या नियमात बसवायचीच नाही. तो शाळेतल्या सखी सावित्री समितीचा, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या समितीचा, गरज पडली तर पोलिसांचा विषय आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर त्यांना पाठ असायला हवा.

आणि शिक्षकांचेही फोन वर्गाबाहेर. हा नियम लागू झाला त्या आठवड्यात मुलांची कुरकुर आपोआप कमी झाली.

आता बंदीने नेमका काय फायदा होतो, हे तुम्ही विचारलं होतं. यात अतिशयोक्ती नको. २०१५ साली इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फोनबंदीनंतर गुण थोडे वाढले, आणि वाढ मुख्यतः मागे पडलेल्या मुलांची होती, हुशार मुलांना फारसा फरक पडला नाही. माझ्या वर्गातला अनुभव याच्याशी जुळतो. पहिल्या बाकावरची मुलगी फोन असूनही लिहून घेते, ज्याचा धागा आधीच सुटत आलाय त्याला तो पकडायला संधीच मिळत नाही. पण स्वीडनमध्ये तसाच अभ्यास झाला तेव्हा तिथे फायदा दिसला नाही. आणि २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने ३० शाळांतल्या बाराशेवर मुलांचा अभ्यास केला. कडक नियमाच्या आणि सैल नियमाच्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक सापडला नाही. दिवसाचा एकूण फोन जास्त असलेली मुलं मात्र जास्त त्रासात होती. म्हणजे शाळेतल्या नियमाने घरचा फोन कमी होत नाही.

हे आपल्या घरांनाही लागू आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मला त्यातली गोष्ट आवडली ती अशी की मोठ्यांनीही बंद ठेवायचा. शाळेच्या नियमातून संध्याकाळचा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि शाळेला ती ठेवूही देऊ नका.

जगभर कल बंदीकडे आहे हे खरं. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा केला, नेदरलँड्सने जानेवारी २०२४ पासून माध्यमिक वर्गांत फोन थांबवला, ब्राझीलने २०२५ च्या जानेवारीत कायदा केला. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात वेगळी दिशा दाखवली: सरसकट बंदी योग्यही नाही आणि अमलात आणण्याजोगीही नाही. शक्य तिथे फोन जमा करून घ्यावेत, वर्गात आणि शाळेच्या गाडीत वापर नको, चित्रीकरण नको, आणि धोरण पालक-शिक्षकांशी बोलून ठरवावं. हा निकाल दिल्लीचा आहे, पण बैठकीत वाचून दाखवायला चांगला आहे. तुमची शाळा ठराव आधी लिहून मग सही मागतेय, तिथेच थोडं थांबायला सांगा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. शहरात शाळा घराजवळ, रिक्षाकाका ठरलेले, तिथे सातवीपर्यंतच्या मुलाला फोनची गरज मला दिसत नाही. अकरावी-बारावीला मुलं तालुक्याला खोली घेऊन राहतात, तिथे जमा करण्याचा नियम चालत नाही. त्यांच्याशी वापराबद्दलच बोलावं लागतं. वसतिगृहात घरी बोलण्याची वेळ हा मुलांचा हक्क धरावा. आणि कुठल्याही नियमात एक दार उघडं हवंच. मधुमेह असलेल्या एखाद्या मुलाच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो आणि तो फोनला जोडलेला असतो. त्या मुलाचा फोन पेटीत ठेवायचा नसतो. ऐकायला कमी येणारं मूल असेल तर त्याचंही तसंच.

मधल्या सुट्टीबद्दल एवढंच सांगते: फोन गेल्यावर पहिले दोन आठवडे मुलं नुसती भिंतीला टेकून उभी होती. आम्ही चेंडू आणि दोऱ्या बाहेर काढल्या, ग्रंथालयाचं कपाट सुट्टीत उघडं ठेवलं, तेव्हा मैदान हललं. तुमच्या शाळेने त्याचीही तयारी ठेवावी.

वहिनींचं म्हणणं मला पटतं. तुमच्या मुलीच्या वाटेसाठी साधा बटणांचा फोन योग्य आहे. कॅमेरा आणि इंटरनेट नसलेला बघून घ्या, हल्लीच्या काही बटणांच्या फोनमध्येही व्हॉट्सॲप आणि यूट्यूब असतं. त्यात पाच नंबर भरा: तुमचा, वहिनींचा, शाळेचा, स्टँडजवळच्या ओळखीच्या दुकानदाराचा आणि त्याच गाडीने येणाऱ्या मैत्रिणीच्या घरचा. पण तो चोरून पाठवू नका. अर्ज द्या, शाळेची पोच घ्या. दप्तराच्या तळाशी लपवलेला फोन सापडला तर मान खाली तिला घालावी लागेल, तुम्हाला नाही. आणि फोन देताना तिला हेही सांगा की यावर कुणी त्रास दिला, काही घाण पाठवलं, तर तू घरी सांगितल्यावर फोनही जाणार नाही आणि शाळाही बंद होणार नाही. मुली गप्प बसतात त्या याच भीतीने. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर शाळाशाळांत सीसीटीव्ही लावायला सांगितलं गेलं, ते हवेतच. पण मुलीने बोलण्यासाठी तिला आधी ही खात्री लागते.

बुधवारी काय करायचं ते सांगते. आजचा ठराव आहे तसा असेल तर सही करू नका, आणि विरोधही करू नका. म्हणा, शाळेच्या वेळेत फोन नको हे मला मान्य आहे, जप्तीच्या आणि दंडाच्या दोन ओळी काढा आणि तीन ओळी घाला. सुटेपर्यंत आणि सुटल्यानंतरही उचलला जाणारा शाळेचा फोन. वाटेसाठी लागणारा फोन अर्ज करून जमा ठेवण्याची सोय. आणि जादा तास गाडीच्या वेळेला धरून. तिसऱ्या ओळीवर सगळ्यात जास्त वाद होईल, म्हणून जाताना तुमच्या गावच्या आणि आजूबाजूच्या दोन-तीन गावांच्या एसटीच्या वेळा कागदावर लिहून न्या, आणि त्या गाड्यांनी किती मुली येतात तो आकडा मुलीलाच विचारून त्यापुढे मांडा. एकट्याने बोलू नका, आणखी दोन पालक आधीच सोबत घ्या. त्यात एक तरी आई असू द्या.

शाळेने फोन नंबर दिला, तर बैठकीतून उठायच्या आधी वहिनींना घरून त्यावर फोन लावायला सांगा. कुणी उचलतंय का ते सगळ्यांसमोर कळेल.